धाप आणि धीर
पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. या भरतीच्या उमेदीने मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर उतरणारा नवशिका उमेदवार जेव्हा निम्म्यातच कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून थांबतो, तेव्हा अंगातले बळ सरले असे तो समजतो, परंतु वस्तुस्थिती बहुधा निराळी असते. २००९ साली संशोधक सॅम्युएल मार्कोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी व्यक्तींना दीड तास अवघड बौद्धिक काम देऊन मग व्यायामाच्या सायकलवर बसविले, तेव्हा त्या एरवीपेक्षा लवकर थांबल्या, आणि हृदय व स्नायू यांच्या कार्यात त्याचे कारण ठरेल अशी तफावत नव्हती. श्रमाची जाणीव मात्र त्यांना अधिक तीव्रतेने झाली होती. ही जाणीव मेंदू घडवितो आणि सरावाने ती सौम्य होते, हे मला या विषयातील सर्वांत आश्वासक सत्य वाटते. म्हणून आरंभी घड्याळ बाजूस ठेवावे, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग राखावा, धाप वाढताच चालावे, आणि दृष्टी पुढच्या विजेच्या खांबापुरतीच ठेवावी. बौद्धिक कामाने श्रमाची जाणीव वाढते, म्हणून लेखी परीक्षेची उजळणी करणाऱ्यांनी ती धावून आल्यानंतर करावी.