इंग्रजी जोडक्रियापदे आणि घरची मराठी
1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात राहिले. येथील कित्येक मुलांची घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी, इंग्रजी तिसरी. अशा मुलास ‘गिव्ह’ म्हणजे देणे व ‘अप’ म्हणजे वर, हे ठाऊक असते. तरी ‘ही गेव्ह अप टी’ या वाक्यापाशी तो अडतो. ‘त्याने चहा सोडून दिला’ हा अर्थ कोशातील सुट्या शब्दांत सापडत नाही.

परंतु ‘सोडून दिला’ यात तरी कोणी कोणास काय दिले? ‘भाकरी खाऊन टाक’ म्हणताना आपण काही टाकावयास सांगत नाही. ‘टाकणे’ तेथे क्रियेची पूर्तता सुचविते. ‘ईट अप’ मधील ‘अप’चे कार्य हेच.

भेद आहे तो कर्माच्या स्थानाचा. ‘पुट ऑफ द मीटिंग’, म्हणजे सभा पुढे ढकला, हे चालते. सर्वनाम आले की मात्र ‘पुट इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. उलट, सांभाळणे या अर्थाचे ‘लुक आफ्टर’ असे फुटत नाही.

म्हणून शिक्षकांनी याद्या पाठ करवून घेण्यापूर्वी मुलांकडून त्यांच्या बोलण्यातील अशी मराठी क्रियापदे काढून घ्यावीत. शाळेत निरुपयोगी मानली गेलेली घरची भाषाच तेथे त्यांच्या उपयोगी पडेल.