गुडघ्यावर फिरायचं नसतं

सकाळचे सहा. आष्टी तालुक्यातलं गावाबाहेरचं मैदान. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटरच्या फेऱ्या मारतायत, पोरी ८०० च्या. शिट्टी मेजरांच्या गळ्यात. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या या माणसाला अख्खं गाव मेजरच म्हणतं. मी बांधावर उभा राहून चेहऱ्यांऐवजी सांधे बघतोय.

पळताना गुडघा दुमडतो, उलगडतो, बस्स. सहावीच्या पुस्तकातला तो बिजागरीचा सांधा. त्याच्या वरचा खुबा मात्र उखळीचा: मांडी पुढे, मागे, बाहेर, आत, सगळीकडे वळवतो. खाली घोटा जमिनीला रेटा देतो आणि टाच उचलली जाते.

पलीकडे गोळाफेक चाललीय. पोरांचा गोळा ७.२६० किलोचा, पोरींचा चार. एक मुलगी गोळा मानेला टेकवते, गुडघे वाकवते आणि कंबरेपासून जोरात वळते. मागचा पाय मात्र जमिनीला खिळलेला. गुडघा आतल्या बाजूला झुकतो.

"थांब गं! पाय रोवून अंग फिरवायलीस. कामून?"

"जोर लावायलेय, सर."

"तो जोर गुडघ्यात अडकायलाय. चवड्यावर फिर. टाच बाहेर जाऊ दे. आधी खुबा, मग छाती, हात शेवटी."

मेजरांचं बरोबर आहे. वाकलेला गुडघा थोडाफार वळतो, ताठ झाला की जवळजवळ नाहीच. पाय अडकलेला आणि अंग वळलेलं, अशा वेळी आतले लिगामेंट फाटतात. कबड्डीत चढाईवाल्याचा पाय धरला आणि त्याने गिरकी घेतली की नेमकं हेच होतं.

मुलगी पुन्हा उभी राहते. आता चवडा फिरतो, खुबा पुढे येतो, खांद्यामागून कोपर सरळ होतं, शेवटी मनगट आणि बोटं गोळ्याला ढकलतात. गोळा आधीच्या खुणेच्या हातभर पुढे पडतो.

कडेला दोन पिंपांवर आडवा ओंडका टाकलाय. त्यावरून उड्या मारणाऱ्या पोराला भरतीपेक्षा स्टीपलचेसचं वेड जास्त. याच तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत राष्ट्रकुलचं रौप्य घेतलं, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात पाणउड्या. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, पाय लागला तरी न पडणारा.

पोराचा पुढचा पाय ओंडक्यावरून जातो. मागच्या पायाचं काम अवघड: खुबा वाकतो, बाहेर उघडतो, वळतो आणि दुमडलेला गुडघा बाजूने पुढे आणतो. उतरताना घोटा, गुडघा, खुबा एकत्र वाकून धक्का वाटून घेतात. एकाने कसूर केली की भार दुसऱ्यावर. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला साबळेचा गुडघा दुखावला आणि त्या वर्षीची टोकियोतली जागतिक स्पर्धा हुकली. एवढ्या कसलेल्या गुडघ्यालाही या खेळात अभय नाही.

शिट्टी वाजते. मेजर सगळ्यांना एका पायावर उभं करून दुसरी मांडी गोल फिरवायला लावतात. पोरं कुरकुरतात. भरतीत गोळ्याला १५ गुण आहेत, खुब्याला एकही नाही. त्यामुळे हा व्यायाम जो तो टाळतो. मेजर ते ओळखून आहेत.

"अजून दहा," ते म्हणतात, "आन् दुसऱ्या पायाचे बी."