मैफल ऐकावी कशी?

‘शास्त्रीय गाणे आपल्याला नाही बुवा समजत,’ असे म्हणणारी मंडळी पुष्कळ भेटतात. समजत नाही म्हणजे काय, तर रागाचे नाव ओळखता येत नाही. पण जेवणाची चव घ्यायला स्वयंपाक यावा लागतो थोडाच? गाण्याला लागतो तो जागा कान. आणि तो सवयीने तयार होतो.

आधी तंबोरा ऐका. तंबोरे जुळत असतात तेव्हा आपण शेजाऱ्याशी बोलत बसतो. वास्तविक गाण्याचे घर तेथेच उभे राहत असते. षड्ज एकदा कानात मुरला, की गवई घरापासून किती दूर गेला आणि केव्हा परतला, हे न सांगता कळू लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे सम. विलंबित एकतालाच्या मात्रा 12. पण लय फार संथ असली, तर एकेक आवर्तन अर्ध्या मिनिटाहूनही अधिक चालते. नवख्याला वाटते, काही घडतच नाही! अशा वेळी बंदिशीचा मुखडा ध्यानात ठेवावा. आलाप कुठेही हिंडो, मुखडा येतो आणि समेवर टेकतो. ती वाट पाहण्यातच खरी गंमत आहे.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोहोंत मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरलेले सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर तेच. मग भेद कशात? भूपाची वस्ती गंधारावर, देशकाराची धैवतावर. म्हणून भूप संध्याकाळनंतरचा शांत राग वाटतो, तर देशकारात सकाळचे तेज दिसते. स्वर कोणते हे न कळले तरी चालेल. गवई पुन्हा पुन्हा कुठे थांबतो, एवढे पाहा.

हे सारे सांगायचे कारण असे. 1902 साली आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा तबकडीच्या तीनेक मिनिटांत राग बसवावा लागे. ती अडचण यंत्राची होती. आज यंत्र तासन्‌तास वाजते, पण आपलाच हात दर मिनिटाला मोबाइलकडे जातो. श्रोता चुळबुळू लागला की गवयालाही ते कळते. मग आलाप आखडतो, तानांची घाई होते, टाळ्या पडतात. पण राग मात्र उलगडायचा राहून जातो. हे नुकसान श्रोत्याचे आणि कलेचेही.

उलट, पुण्यात पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पाहा. तेथे तासन्‌तास बसणारे सगळेच काही गाणे शिकलेले नसतात. ऐकून ऐकूनच त्यांचा कान तयार झालेला असतो.

तेव्हा पुढच्या मैफलीला तंबोरे जुळण्याआधी जाऊन बसा. पहिली वीस मिनिटे मोबाइल बंद, बोलणे बंद. रागाचे नाव कुणाला विचारू नका. षड्ज, सम आणि मुक्काम, एवढेच धरून ठेवा. घरी परतताना एखादा मुखडा ओठांवर आला, तर गाणे समजू लागले म्हणायला हरकत नाही.