एका भाकरीत दहा हजार

चाकण एमआयडीसीत दुपारचा डबा उघडतो. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरा. बाजरीचे हजार दाणे भरतात साधारण दहा ग्रॅम. म्हणजे त्या डब्यात दहा हजार दाणे आहेत! किलोत लाख, क्विंटलमध्ये कोटी. आणि अजून आपण दाणा फोडलेलाही नाही.

फोडू या. 2017 साली बाजरीचा जनुकीय आराखडा वाचून झाला. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था त्यात आघाडीवर होती. डीएनएची अक्षरं निघाली सुमारे 179 कोटी. अक्षरामागे एक दाणा ठेवला तर 179 क्विंटल, दहाचाकी ट्रक गच्च! 2024-25 च्या 2,625 रुपये हमीभावाने तो माल झाला 4 लाख 70 हजारांचा. दाणा दोन मिलिमीटरचा धरून रांग लावली तर साडेतीन हजार किलोमीटर. मुंबई-पुणे बारा वेळा जा, बारा वेळा या. आणि हे सगळं लिहिलंय कुठे? एका दाण्याच्या पेशीपेशीत.

त्यातली जनुकं मोजली: 38,579. नट-बोल्टांसकट एका मोटारीचे सुटे भाग 30 हजारांच्या आसपास सांगतात. दाणा पुढे गेला की! तिकडे शेड, क्रेन, असेंब्ली लाइन, शेकडो व्हेंडर. इकडे ग्रॅमचा शंभरावा भाग, आणि जुळणी चार सरींवर.

कारखान्याची शान कशात, तर लाखावी गाडी पहिलीसारखी निघावी यात. गावरान बाजरीचं नेमकं उलट. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पराग मागाहून. त्यामुळे शेजारच्या ताटाशी सोयरीक ठरलेलीच. दीड फुटावर ओळी आणि सहा इंचांवर रोप धरलं, तर एकरात साठ हजार ताटं, आणि दोन सारखी सापडणं मुश्कील. कुणी लवकर निसवतं, कुणी उशिरा. पावसाने दडी मारली तर एकाचं हुकतं, दुसऱ्याचं साधतं. एकसारखेपणा महागात पडल्याचंही पाहिलंय आपण. 1965 मध्ये एचबी-1 हा पहिला संकरित वाण आला, भरघोस पिकला, आणि सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने अशा संकरितांची दैना केली.

म्हणून जुनं बियाणं जपायचं. महाराष्ट्रात 2012 साली आलेल्या, लोहाने समृद्ध अशा 'धनशक्ती' वाणाचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या गावरान बाजरीत आहे. टोगो इथून आठ हजार किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे पन्नासहून जास्त वेळा! इक्रिसॅटच्या बियाणे पेढीत बाजरीचे असे 24 हजारांहून जास्त नमुने आहेत. नमुन्यामागे आपला एक ट्रक धरा, बारा मीटरला एक. रांग मुंबईला टेकून जवळपास पुण्यात परत. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी म्हणजे काहीच नाही.

आता श्वास रोखा. फक्त दहा जनुकं घेऊ, प्रत्येकाची दोनच रूपं. जनुक जोडीने येतं, म्हणून प्रत्येकाच्या तीन तऱ्हा: दोन्ही अशी, दोन्ही तशी, किंवा एकेक. दहा वेळा तीनने गुणा. 59,049 प्रकार, जवळजवळ आपल्या एकरातली ताटं! प्रत्येकाचा एक दाणा घेतला तर सहा भाकऱ्या. ठीक आहे, एवढं पचेल. वीस जनुकं घ्या: 349 कोटी प्रकार, दोन ट्रक. तीस घ्या: 206 लाख कोटी. वीस लाख टन! साडेतीन हजार टनांच्या जवळपास 590 मालगाड्या! आणि चाळीस? बारा हजार कोटी टन. सगळा भारत मिळून वर्षाला साधारण एक कोटी टन बाजरी पिकवतो. म्हणजे प्रत्येक प्रकाराचा एकेक दाणा गोळा करायला सगळ्या देशाची बारा हजार वर्षांची सुगी लागेल. माणसाने बाजरी पेरायला घेतली त्यालाही एवढी वर्षं झालेली नाहीत.

ही चाळीसच झाली. अजून 38,539 जनुकं मोजायची आहेत, आणि भाकरी निवत चाललीय.