गणेशवेल म्हणून लावली, पण...

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातल्या एका सकाळी शेजारच्या काकू ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार फांद्या घेऊन आल्या. "रेल्वे फाटकाजवळून आणल्यात. गणेशवेल आहे गं, लाव कुंपणाला." फुकट मिळालेल्या रोपाला आपण बायका कधी नाही म्हणतो का? लगेच खोचल्या मातीत!

वेल अशी माजली की विचारू नका. मी लालचुटुक चांदण्यांची वाट बघत होते आणि दिवाळीच्या सुमारास आली जांभळी फुलं. दिसायला देखणी, म्हणून राहू दिली. दोन पावसाळ्यांत ती कुंपणावरून सासूबाईंच्या कागदी लिंबावर चढली. त्यांनी स्वतः बी टाकून वाढवलेलं झाड. उन्हाळ्यात गल्लीभर लिंबं वाटायच्या त्या. वेलीनं वरून असं पांघरूण घातलं की आत ऊन जाईना. निम्मं झाड वाळलं, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

कृषी महाविद्यालयात शिकणारी भाची सुट्टीला आली होती. पान बघूनच म्हणाली, "मामी, ही गणेशवेल नाहीच. ही रेल्वे क्रीपर!"

मैत्रिणींनो, खूण पानातच असते, फुलापर्यंत थांबूच नका. गणेशवेलीचं पान पिसासारखं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढ्या बारीक काड्या, जणू फणीचे दातच. रेल्वे क्रीपरचं पान म्हणजे पसरलेला हाताचा पंजा, मोजून पाच बोटं. गणेशवेलीचं फूल लाल, लांब नळीचं, वर पाच टोकांची छोटीशी चांदणी. रेल्वे क्रीपरचं नरसाळ्यासारखं, फिकट जांभळं आणि आत गडद. दोघी मॉर्निंग ग्लोरीच्याच घरातल्या. आपलं उपवासाचं रताळंसुद्धा त्यांचंच भावंड बरं का!

पण स्वभाव वेगळे. गणेशवेल एका हंगामाची पाहुणी. पावसाळ्यात वाढते, फुलते, बी धरते आणि वाळते. रेल्वे क्रीपर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते आणि पेर मातीला टेकलं की तिथे मूळ धरते. मी छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकल्या, तर महिन्याभरात तिथेही वेल! शेवटी मुळं खणून काढली आणि एकूण एक तुकडा गच्चीवर कडक उन्हात वाळवला, तेव्हा सुटका झाली.

खरी गणेशवेल बियांपासूनच लावावी. बी काळं आणि कडक सालीचं असतं. पॉलिश पेपरवर एक बाजू हलकेच घासायची, रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि पावसाच्या तोंडावर अर्धा इंच खोल पेरायचं. जिथे वेल हवी तिथेच पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसतं. ऊन भरपूर हवं. शेणखत मात्र बेतानं, नाहीतर नुसता पाला वाढतो. चढायला सुतळी पुरते. आठवडाभरात वर येणारी पहिली दोन पानं टोकाकडे खोल चिरलेली असतात, उघड्या चिमट्यासारखी. 

एक मात्र सांगते. या वेलींच्या बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. काळादाणा म्हणून जुलाबासाठी विकतात ते बी याच घराण्यातल्या निळ्या फुलांच्या वेलीचं. कुणी घरगुती औषध म्हणून सुचवलं तरी नको! मी बिया झाकणाच्या बरणीत, वरच्या फळीवर ठेवते.

यंदा कुंपणावर खरी गणेशवेल आहे. फुलपाखरं येतात, कधी शिंजीर येतो. लिंबाला एका बाजूनं पालवी फुटलीय. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून वेलीचं पान न् पान तपासतात, पुन्हा विश्वास ठेवायला तयार नाहीत!

काकूंच्या मागच्या भिंतीवर मात्र अजून तीच जांभळी वेल. परवा मी त्यांना बियांची पुडी नेऊन दिली.

"अगं, गणेशवेल माझ्याकडे आहे की!" काकू म्हणाल्या.

मग दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या ओट्यावर बसले.