कंबर धरली? कायरोप्रॅक्टरकडे जाण्याआधी एवढं ऐका

आज आरोग्याच्या गप्पांमध्ये विषय आहे कंबरेचा. शारजा ते दुबई रोजचा ट्रॅफिक, ऑफिसात दिवसभर खुर्ची, आणि सुट्टीत भारतात जाताना उचललेल्या जड बॅगा. मग एका सकाळी वाकताना उसण भरते. आई फोनवर म्हणते, शेक घे, पडून राहा. मित्र म्हणतो, कायरोप्रॅक्टरकडे जा, एका झटक्यात मोकळं होतं. ऐकायचं कुणाचं?

आधी हा उपचार काय ते पाहू. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर यांनी तो सुरू केला. मणक्यांच्या सांध्यांवर हाताने नेमका, झटकन दाब देतात. आपल्याला हाडवैद्य आठवतो, पण हे शिक्षण वेगळं आहे. व्हिडिओत तो 'कट्' आवाज ऐकू येतो ना? तो सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा असतो. सरकलेलं हाड जागेवर बसलं, असा त्याचा अर्थ नाही.

गुण येतो का? काहींना येतो, पण चमत्कार नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सांगितलं, की नव्या कंबरदुखीत गोळ्यांआधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्यांचा हा उपचार करून पाहता येईल. त्याच वेळी हेही सांगितलं, की बहुतेकांचं दुखणं काळानुसार आपोआप कमी होतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचं म्हणणं असं, की हा उपचार घ्यायचा तर व्यायामाच्या जोडीनेच. म्हणजे आईचा शेक बरोबर आहे, फक्त 'पडून राहा' तेवढं सोडा. झेपेल तेवढं चालत राहा. फिजिओथेरपिस्टकडूनही व्यायाम आणि हाताने उपचार, दोन्ही मिळू शकतात.

आता महत्त्वाचं. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर कायरोप्रॅक्टर नको, फिजिओही नको. लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर ९९८. इथे काही तासांचा उशीरसुद्धा कायमचा महागात पडू शकतो. तसंच पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, ताप, विनाकारण घटलेलं वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांत आधी डॉक्टरच.

हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झटका घेऊ नका. भेटीला आलेल्या आई-बाबांना नेताना हे विशेष लक्षात ठेवा. मानेला झटका दिल्यावर क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. कंबर दुखत असताना मानेला हात लावू देण्याचं कारण नाही. तसं स्पष्ट सांगा.

जायचं ठरलं, तर परवाना पाहा. दुबईत तो दुबई हेल्थ अथॉरिटीचा, अबू धाबीत डिपार्टमेंट ऑफ हेल्थचा, शारजा-अजमानकडे आरोग्य मंत्रालयाचा असतो. नावामागे 'डॉक्टर' दिसलं तरी परवाना नेमका कशाचा आहे ते विचारा. स्पा किंवा मसाज सेंटरमध्ये कुणी 'हाड मोकळं करतो' म्हणालं, तर नको म्हणा.

मग पैशाचं. इन्शुरन्स कार्ड आहे म्हणजे कायरोप्रॅक्टर त्यात बसतोच असं नाही. आधी कंपनीला फोन करा: हा उपचार चालतो का, किती वेळा, डॉक्टरांची चिठ्ठी लागते का? पहिल्याच दिवशी मोठं पॅकेज विकत घेऊ नका. उलट विचारा, "किती भेटींत फरक दिसायला हवा? नाही दिसला तर पुढे काय?" सरळ उत्तर देणाऱ्याकडे जा. प्रत्येकाचा एक्स-रे काढणारा, किंवा मणके सरळ करून दमा-मधुमेह बरा करतो म्हणणारा, टाळा.

थोडक्यात, धोक्याची लक्षणं नसतील तर शेक, हालचाल आणि थोडा धीर. दुखणं रेंगाळलं तर डॉक्टर किंवा फिजिओ. कायरोप्रॅक्टर हा त्यातला एक पर्याय, एकमेव नव्हे.

आजची माहिती डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही, हे ध्यानात असू द्या. कंबर सांभाळा, पुढच्या सुट्टीची बॅग दोघांनी मिळून उचला. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!