आय-आयचं बारीक बोट

मादागास्करच्या काही गावांत आय-आय हा लेमूर दिसणं म्हणजे मरणाची चाहूल मानतात. त्यानं आपलं काटकुळं बोट ज्याच्यावर रोखलं तो जगत नाही, अशी समजूत. म्हणून दिसताक्षणी त्याला मारतात. आपल्याकडे घुबडाला अशुभ ठरवलं, तोच हा प्रकार.

त्या बोटाचं खरं काम पोट भरण्याचं. रात्री फांदीवर बसून आय-आय मधल्या बोटानं सालीवर भराभर टकटक करतो आणि मोठाले कान पुढे वळवून ऐकतो. आवाज पोकळ आला की दातांनी लाकूड कुरतडून भोक पाडायचं, तेच बोट आत सारायचं आणि अळी ओढून काढायची. बोटाच्या मुळाशी उखळीचा सांधा असल्यानं ते हवं तसं वळतं. मादागास्करात सुतारपक्षी नाहीत. लाकडातल्या अळ्या शोधण्याचं त्यांचं काम तिथे हा करतो.

सतत वाढणाऱ्या पटाशीच्या दातांमुळे अठराव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी त्याला खारींमध्ये बसवलं होतं. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८६३ मध्ये त्याच्या शरीररचनेवर सविस्तर लिहिलं आणि तो माकडांच्या, म्हणजे आपल्याही, गणातला असल्याचं पक्कं झालं.

तो नारळ फोडून खातो, ही गावकऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे. पण भातासाठी जंगल तोडून जाळलं जातं, तेव्हा त्याची झाडंही जातात. मग तो बागेत येतो, आणि तिथेच मारला जातो.

लेमूरांमध्ये त्याचा वावर सर्वांत मोठ्या भागात, म्हणून तो सुरक्षित असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो सगळीकडे विरळ आहे आणि ‘आययूसीएन’ या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे. एकेका नराला फिरायला शंभर हेक्टरांहून जास्त जंगल लागतं. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदाच, एकच पिल्लू होतं. अंधश्रद्धेपायी एक मादी गेली की ती जागा भरून यायला वर्षं लागतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

१९३० च्या दशकात तो नामशेष झाला असं धरलं गेलं होतं. १९५७ मध्ये पुन्हा सापडला. १९६६-६७ मध्ये नऊ आय-आय नोसी मांगाबे या छोट्या बेटावर नेऊन सोडले. नारळाच्या बागा आणि गावं त्या बेटावर नव्हती, जंगल होतं.